नंदी, टोटो आणि मामांची मडगार्डं

'यूपी ६५' ही वाराणसीची पाटी. पण काशीची गाडी ओळखायला पाटी वाचावी लागत नाही, पुढची दोन मडगार्डं बघितली तरी पुरतं. नवी गाडी शोरूममधून बाहेर पडते, अंधरापुलाखालच्या गर्दीत तिला पहिली रेघ मिळते, चौकाघाटाला पहिला पोचा पडतो आणि मैदागिनला पोचेपर्यंत ती शहराची कायम रहिवासी झालेली असते. त्या रात्रीपासून मालकाला शांत झोप लागते. काशीत कोऱ्या गाडीचा मालक चिडचिडा असतो.

माझे मामा काशीचे. म्हणजे मूळचे कोकणातले, पण त्यांचे कोणी पूर्वज पेशवाईत यात्रेला म्हणून आले आणि परत जायचं राहून गेलं. असं परत जायचं राहून गेलेली मराठी घरं दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगाघाट या भागात पुष्कळ. मामांना त्याचा फार अभिमान. १६७४ साली महाराजांचा राज्याभिषेक केला ते गागाभट्ट इथले (घराणं पैठणचं, हे मामा खालच्या आवाजात सांगतात), विश्वनाथाचं आजचं देऊळ १७८० साली अहिल्याबाईंनी बांधलं, झाशीची राणी इथे जन्मली, 'आज' दैनिकाचे संपादक बाबूराव विष्णु पराडकर इथले. ही यादी मामा भाजीवाल्यालासुद्धा ऐकवतात आणि शेवटी "आणि आपलं टेंट हाउस" असं जोडतात. टेंट हाउस म्हणजे मंडप, खुर्च्या, गाद्या, मोठाली पातेली आणि हे सगळं वाहणारी एक पांढरी बोलेरो पिकअप.

ही पिकअप मामांच्या दारात कधीच आलेली नाही. दुर्गाघाटाच्या गल्लीत समोरून सायकल आली तर एकानं भिंतीला चिकटायचं असतं, तिथे पिकअप कुठून येणार? ती विश्वेश्वरगंजच्या बाजूला रस्त्यावर उभी असते आणि रात्री तिला कोण कोण घासून गेलं याची पाहणी सकाळी मामेभाऊ चहाच्या आधी करतो. तिकडे तिला 'डाला' म्हणतात. त्याहून मोठी गाडी असेल तर ती 'डीसीएम', मग ती कोणत्याही कंपनीची असो. डीसीएम टोयोटा ही कंपनी बंद होऊन इतकी वर्षं झाली, पण उत्तर प्रदेशाच्या रस्त्यांवर तिचं नाव अजून धावतं आहे. मृत्यूनंतर नाव राहणं म्हणतात ते हेच असावं.

तर यंदाच्या लग्नसराईत या डाल्याची दोन्ही मडगार्डं गेली. मी तेव्हा काशीत होतो. आलो होतो मावशीबरोबर, गंगापूजनाला. मिळालं गॅरेज.

डावं मडगार्ड सांडानं घेतलं. काशीचा सांड हा काय प्रकार आहे हे पुण्यामुंबईच्या माणसाला समजावून सांगणं अवघड. तो रस्त्याच्या मधोमध बसतो. हॉर्न वाजवला तर आपल्याकडे अशा नजरेनं बघतो की आपणच चुकीच्या शहरात आलो आहोत असं वाटावं. पिकअप त्याच्या अंगावर गेलीच नव्हती. ती जाममध्ये उभी होती, सांडही जाममध्ये उभा होता. त्याला मान खाजवायची होती आणि मडगार्डाची उंची बरोबर होती. पहिल्यांदा पत्रा नुसता आत-बाहेर झाला. मग सांडाला बरं वाटू लागलं आणि त्यानं जोर वाढवला. हेडलाइटपासून दरवाजापर्यंत मडगार्डाची घडी पडली. ड्रायव्हर खाली उतरला, त्यानं हात जोडले आणि परत आत जाऊन बसला.

उजवं मडगार्ड त्याच आठवड्यात टोटोनं घेतलं. टोटो म्हणजे बॅटरीवर चालणारी ई-रिक्षा. तिला पुढे एकच चाक असतं, त्यामुळे जिथे एक चाक मावतं तिथे अख्खी रिक्षा मावेल असा तिच्या चालकाचा पक्का समज असतो. पुढचं चाक गेलं. मागची दोन आणि सहा प्रवासी मामांच्या मडगार्डात अडकले. चालकानं खाली उतरून मडगार्ड बघितलं, तोंड वर केलं (पान घोळवत असताना काशीकर हनुवटी आकाशाकडे करूनच बोलतो, नाहीतर मुद्दा शर्टावर सांडतो) आणि म्हणाला, "ई त पहिले से रहल!" हे तर आधीचंच आहे! काशीत हा बचाव कधीच पूर्ण खोटा नसतो.

नुकसानभरपाई मागायची कोणाकडे, यावर घरात चर्चा झाली. टोटोवाला सहा प्रवाशांसह निघून गेला होता. राहिला सांड. मामेभाऊ म्हणाला, "त्याचा मालक असेल ना कोणीतरी!" मामांनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. मेलेल्या माणसाच्या नावानं सांड मोकळा सोडण्याचा वृषोत्सर्ग नावाचा विधी आहे आणि काशीत तसे सांड सोडण्याची जुनी चाल आहे. म्हणजे मालक असलाच तर तो स्वर्गात, आणि तोही या सांडाच्याच पुण्याईनं गेलेला. समन्स पाठवायचं कुठे?

"पोलिसांत तरी द्या," मी म्हटलं.

"दिलं असतं रे. पण कोतवाली ठाण्यात साहेबांच्या खुर्चीवर कोण बसतं माहीत आहे?"

माहीत होतं. काळभैरव हे काशीचे कोतवाल, म्हणून कोतवाली ठाण्यात मुख्य खुर्ची त्यांच्यासाठी सोडलेली असते आणि ठाणेदार शेजारी दुसरी खुर्ची घेऊन बसतो. शंकराच्या नंदीविरुद्धची तक्रार शंकराच्याच भैरवापुढे न्यायची, यात निकाल काय लागणार हे सांगायला वकील नको.

मग विमा. मामांचा विमा सगळा व्यवस्थित होता. दरवर्षी वेळेवर हप्ता, कधी दावा नाही, म्हणून नो क्लेम बोनस चढत चढत ५० टक्क्यांच्या कमाल पायरीवर पोचलेला. दावा न करण्याचं कारण एवढंच, की पॉलिसी कोणी वाचलेली नव्हती. "तू लेखक आहेस, वाच," असं म्हणून मामांनी ती माझ्यापुढे टाकली. लेखकाला कोणतंही लिखाण वाचता येतं असा आमच्या नातेवाइकांत गैरसमज आहे. पण वाचली, आणि सांगतो, विनोदी साहित्यात इतका ताकदीचा मजकूर मी फार दिवसांत वाचला नव्हता.

मालवाहू गाड्यांच्या पॉलिसीला जुन्या मोटर टॅरिफपासून चालत आलेलं एक कलम असतं, आयएमटी २१. त्यात विमा कंपनी सांगते की पुढील गोष्टींच्या नुकसानीला आम्ही जबाबदार नाही : दिवे, टायर, ट्यूब, मडगार्ड, बॉनेट, बाजूचे भाग, बंपर आणि रंग. मी यादी मोठ्यानं वाचली. मामेभावानं विचारलं, "मग उरलं काय?" उरलं इंजिन, गिअरबॉक्स, चॅसी. म्हणजे गाडीचे नेमके ते भाग, ज्यांना सांड मान घासत नाही. गाडीचा जो जो अवयव बाहेरच्या जगाला लागतो तो तो गाळलेला. ही यादी ज्यानं केली तो माणूस एकदा तरी चौकाघाटाच्या जाममध्ये अडकला असणार.

पण खरी मौज पुढच्या अटीत आहे. गाडी पूर्ण नष्ट झाली तर मात्र हे कलम लागू नाही. तेव्हा मडगार्डासकट सगळ्याचे पैसे मिळतात. पूर्ण नष्ट म्हणजे काय, तेही लिहिलेलं असतं. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा-किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी संपली असं धरतात.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे थोडं लागलं तर काही नाही, पूर्ण मेलं तर सगळं. अरे, हा तर काशीचाच नियम झाला! इथे पाय मुरगळला म्हणून मोक्ष मिळतो का?"

मामेभाऊ धंद्यातला माणूस, त्यानं हिशेब सुरू केला. दोन मडगार्डांच्या पैशांसाठी ७५ टक्के गाडी मोडावी लागणार. एवढं एका सांडाच्यानं होणार नाही.

याच्यावर उतारा आहे, आणि तोही तिथेच छापलेला असतो. आयएमटी २३. थोडा जास्त हप्ता भरला की वगळलेली मंडळी, मडगार्डांसकट, पुन्हा विम्यात येतात. मामांच्या पॉलिसीत तो नव्हता, कारण एजंटानं एकदा विचारलं तेव्हा मामांनी त्याला गागाभट्टांपासूनची यादी ऐकवली होती. असता तरी फार हाती लागलं नसतं. गाडी सातव्या वर्षात, आणि पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के घसारा कापतात, प्लास्टिकवर आणि रंगाच्या मालावर ५० टक्के. शिवाय दावा केला की ५० टक्क्यांचा बोनस पुढच्या वर्षी शून्य. पॉलिसी पुन्हा कपाटात गेली.

आता प्रश्न असा, की मडगार्डं ठोकून सरळ करायची की नवी टाकायची. मामेभाऊ नव्याच्या बाजूचा. मामा ठोकण्याच्या. मामांचा मुद्दा हलका नव्हता. काशीत ठठेरी बाजार आहे. तांब्या-पितळेचा आणि चांदीचा पत्रा मागून ठोकून पुढे नक्षी उठवण्याची कला इथल्या कसेऱ्यांच्या हातात पिढ्यान्पिढ्या आहे. देवळांच्या दारांवरचे, देवांच्या सिंहासनांवरचे चांदीचे पत्रे हीच माणसं घडवतात. बनारसच्या या कामाला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. "जे शहर पत्र्यातून मोर काढतं," मामा म्हणाले, "त्याला तुझं एक मडगार्ड सरळ करता येणार नाही?"

तत्त्व एकच आहे, हे खरं. डेंटर आतून लोखंडी ठोकळा धरतो, त्याला डॉली म्हणतात, आणि बाहेरून हातोडीनं पत्रा बसवत जातो. पण गाडीचा पत्रा एक मिलिमीटरसुद्धा जाड नसतो. एकदा त्याची घडी पडली की घडीच्या जागी तो ताणला जातो, आणि ताणलेला पत्रा परत मूळच्या मापात येत नाही. मग वर पुट्टी थापायची. मामांच्या डाव्या मडगार्डावर पूर्वीच्या तीन लग्नसराईंची पुट्टी होती. सांडानं मान घासल्यावर तिचा एक तळहाताएवढा तुकडा रस्त्यावर पडला आणि तो थर बघून जाणारा एक माणूस "प्लास्टर हौ का?" असं विचारून गेला. मामा हरले ते तिथे.

गॅरेजातला मिस्त्री मात्र मामांच्या पक्षात होता. त्याच्या गालात पान होतं, त्यामुळे मडगार्डांभोवती त्यानं आधी एक मुकी प्रदक्षिणा घातली. मग पिंक टाकून बोलला, "नया काहे लगवावत हउआ गुरू? अगिले हफ्ता फिर ठोकाई." गिऱ्हाइकाला कमी खर्चाचा सल्ला देणारा मिस्त्री मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. पुढे लक्षात आलं की त्याला काम नको होतं. कचौडी-जिलेबी होऊन गेली होती, ऊन चढत होतं, आणि अशा वेळी काशीत कोणी काम घेऊन येणं हा शिष्टाचाराचा भंग समजतात.

पण एकदा हातात पाना घेतल्यावर माणूस कसबी निघाला. पुढची मडगार्डं वेल्डिंगनं जोडलेली नसतात, बोल्टांवर असतात. ती मार खाणार हे कारखान्याला आधीच ठाऊक असतं. बॉनेट उघडलं की वरच्या कडेनं दहा नंबरच्या पान्याचे बोल्ट ओळीनं दिसतात. ते मुकाट्यानं सुटले. बंपर उतरवला, हेडलाइट काढला, इंडिकेटरची वायर सोडवली, त्याच्यामागचेही सुटले. दरवाजा उघडून बिजागराच्या बाजूला एक लपलेला असतो, तोही सापडला. राहिला सगळ्यात खालचा, पायदानाजवळचा. चाकानं उडवलेला चिखल मडगार्डाच्या आत नेमका तिथे साठतो, सुकतो, पुन्हा भिजतो. सात पावसाळ्यांची गंगामाती होती ती. त्या मातीत बोल्ट गंजून एकजीव झाला होता.

त्या एका बोल्टानं दुपार खाल्ली. केरोसीन झालं, हातोडी झाली, छिन्नी झाली. आजूबाजूला माणसं जमली. काशीत कोणाला वेळ नाही असं होत नाही. एकानं चुना लावायला सांगितलं, दुसऱ्यानं हनुमान चालिसा. एक पीएच.डी.चा विद्यार्थी होता (विद्यापीठाच्या शहरात गर्दीत एक तरी असतोच), त्यानं गंजण्याची रासायनिक क्रिया समजावून सांगितली, आणि ती बरोबर होती. शेवटी मिस्त्रीनं गॅस पेटवला, बोल्टाचं डोकं लाल केलं, एक झटका दिला आणि डोकं हातात आलं. टाळ्या पडल्या. जुनं मडगार्ड खाली ठेवताच भंगारवाल्याच्या पोरानं ते उचललं. मलदहियाच्या लोहामंडीत लोखंडाचा भाव काय चाललाय हे त्याला मिस्त्रीपेक्षा नीट माहीत होतं.

नवं मडगार्ड काळ्या प्रायमरमध्ये येतं. ते लावताना कसब असतं ते फटीत. बॉनेट आणि मडगार्ड यांच्यामधली फट पुढून मागपर्यंत सारखी हवी. म्हणून बोल्ट आधी सैल लावायचे, बॉनेट बंद करून बघायचं, वॉशर घालायचे, सरकवायचं, आणि मगच आवळायचं. उजवीकडे ते जमलं. डावीकडे फट हेडलाइटजवळ करंगळी जाईल एवढी आणि काचेजवळ कागदही जाणार नाही एवढी. सांडानं मडगार्डाबरोबर आतली पट्टीही थोडी वळवली असावी. मामेभाऊ म्हणाला, "उस्ताद, वाकडं बसलंय."

मिस्त्रीनं हनुवटी वर केली. "रत्नेश्वर महादेव सीधा हौ का? लोग दूर-दूर से देखे आवत हौ."

याला उत्तर नाही. मणिकर्णिकेशेजारचं रत्नेश्वराचं देऊळ पिसाच्या मनोऱ्याहूनही जास्त कललेलं आहे, वर्षातला बराच काळ त्याचा गाभारा पाण्यात असतो, आणि परदेशी माणसं होडीतून त्याचेच फोटो काढतात. उत्साहाच्या भरात मिस्त्रीनं शेजारच्या शिंदे घाटाचंही उदाहरण दिलं. तो घाट १८३०च्या सुमारास बांधला आणि स्वतःच्याच वजनानं खचला. इथे त्याची चूक झाली. घाट बांधणाऱ्या बायजाबाई शिंदे. मामा खुर्चीतून उठले. गागाभट्ट, अहिल्याबाई, राणी, पराडकर, सगळे ओळीनं आले. यादी टेंट हाउसपर्यंत पोचायच्या आत मिस्त्रीनं बोल्ट सैल केले, वाकलेली पट्टी बाहेर ओढली आणि फट मागपर्यंत एकसारखी करून दिली. इतिहासाचा असा थेट उपयोग मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

रंगाचं फार सांगत नाही. पांढरा म्हणजे पांढरा असं आपल्याला वाटतं. मिस्त्रीकडे पांढऱ्याचे डबे ओळीनं होते. सात उन्हाळ्यांत पिवळसर झालेल्या बॉनेटशी त्यातला एकही जुळेना. कंप्रेसर भरला की वीज जायची, वीज आली की खोदलेल्या रस्त्यावरून ट्रक जाऊन धूळ उठायची. शेवटी झाला तो रंग चांगला झाला, पण फारच चांगला झाला. म्हाताऱ्यानं नवी कवळी बसवावी तशी गाडी दिसू लागली. मिस्त्री म्हणाला, बॉनेटही मारून घेऊ. बॉनेट मारलं की दरवाजे जुने दिसणार, दरवाजे मारले की मागचा हौदा. मामेभावानं पैसे देऊन गाडी काढली.

मामांना मात्र गाडी आता बघवत नव्हती. कोऱ्या मडगार्डांच्या काळजीनं त्यांचं जेवण कमी झालं. दोन दिवस ते विश्वेश्वरगंजला गाडीजवळ खुर्ची टाकून बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्या टोटोला हातानं बाजूला करत राहिले. काळभैरवाच्या देवळातला काळा दोरा आरशाला बांधून झाला, लिंबू-मिरची झाली. शेवटी मामींनी सुनावलं, "पॉलिसीत ते तेवीस नंबरचं घालून घ्या आणि घरी या."

एजंट आला. मामांनी या वेळी यादी म्हणून दाखवली नाही, नुसती सही केली.

तेव्हा तुमच्याकडे पिकअप, छोटा हत्ती, टेम्पो, जे काही माल वाहणारं असेल, त्याची पॉलिसी आज कपाटातून काढा आणि तिच्यावर 'आयएमटी २३' लिहिलंय का ते बघा. नसेल तर पुढच्या नूतनीकरणाला मागून घ्या. ते मागितल्याशिवाय मिळत नाही. आणि पावसाळा संपला की पुढची चाकं काढून मडगार्डाच्या आतली माती धुवा, खालच्या बोल्टाला ग्रीस लावा. दहा नंबरचा पाना लागतो.